श्रीपत मास्तरचा निष्कर्ष

एका गावात एक भोळा मास्तर होता. गावाचं नाव बोरखेडी, मास्तरचं नाव श्रीपत. भोळा म्हणजे किती? तर "जरा थांबा" असं कुणी म्हटलं की तो थांबायचा. एकदा दवाखान्यात त्याला असं सांगून सगळे विसरून गेले. कंपाउंडर कुलूप लावायला आला तेव्हा मास्तर बाकाशेजारी उभाच. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

गावामागच्या टेकडीवर एक विद्यापीठ होतं. तिथं देशोदेशीची मुलं यायची. कुणी इथिओपियाचं, कुणी व्हिएतनामचं, कुणी येमेनचं. बाजारहाट करण्यापुरतं इंग्रजी त्यांना यायचं. पण विद्वानांचं इंग्रजी वेगळं असतं. त्यात निबंध लिहायचे, प्रबंध लिहायचे, मुद्दे मांडायचे, पुरावे द्यायचे. ते शिकवायला श्रीपतला नेमलं होतं. त्याचं इंग्रजी फर्डं होतं. घोळ इंग्रजीचा नव्हताच.

नोकरी एका वर्षाच्या बोलीवर होती. वर्ष नीट गेलं तर कायम. आणि ह्या कायम होण्यावर आणखी एक गोष्ट अडून होती. टेकडीच्या पायथ्याशी तात्याबाचं चहाचं हॉटेल. तात्याबाची मुलगी इंदू. इंदूला मास्तर आवडायचा, मास्तरला इंदू आवडायची आणि तात्याबाला कायम नोकरी आवडायची.

"कायमचा कागद आणा आनि पोरगी न्या," तात्याबानं सांगून टाकलं होतं. "त्याच्या आदी इषय न्हाई."

एकाची ओळख राहिली. सरपंचांचा बैल, सरदार. टेकडीच्या रस्त्यावर मोकळा फिरायचा आणि कुणाची पाठ दिसली की शिंगं खाली घालायचा. परदेशी मुलं मराठीतला पहिला शब्द शिकली ती त्याच्यामुळे. शब्द होता "पळा!"

तर एके दिवशी टेस्फाये नावाच्या मुलानं निबंध आणला. इथिओपियाचा हा मुलगा चार हात उंच आणि फार नम्र. त्यानं अर्धा निबंध एका जाड पुस्तकातून जसाच्या तसा उतरवला होता. मास्तरनं खाली लिहिलं, "सुंदर!"

विभागाच्या प्रमुख होत्या घैसासबाई. त्यांनी निबंध पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अहो श्रीपतराव, हे मत ह्या मुलाचं आहे का? नाही ना? मग ज्याचं मत त्याचं नाव! नाव, साल, पान नंबर. नावाशिवाय एकही मत पुढे जाऊ द्यायचं नाही."

"आलं लक्षात," मास्तर म्हणाला.

आणि खरंच आलं होतं. तिथंच तर सगळी गोम होती.

संध्याकाळी मास्तर हॉटेलात गेला. इंदूनं नवी हिरवी साडी नेसली होती, केसांत अबोली माळली होती. बापाची पाठ वळलेली बघून तिनं हळूच विचारलं, "अवो मास्तर, कशी दिसते मी?"

मास्तर म्हणाला, "फार छान दिसतेस. गेनू पोस्टमन, यंदाचं साल."

"काय?"

"मत गेनू पोस्टमनचं आहे. मंगळवारी पाराजवळ म्हणाला. तोंडी म्हणाला, त्यामुळे पान नंबर नाही."

तात्याबाचे कान तिखट. त्यानं कपबशी खाली ठेवली आणि तो गेनू पोस्टमनला शोधायला निघाला. पुढचे चार दिवस गावात टपाल वाटलं गेलं नाही.

इंदू रडकुंडीला आली. "लोकांची नावं कशाला सांगता? आपल्या मनात काय हाय ते बोलावं मानसानं! सरळ! काय वाटलं ते तोंडावर सांगून मोकळं व्हावं."

"आलं लक्षात," मास्तर म्हणाला.

दोन दिवसांनी विद्यापीठात एक मोठे पाहुणे आले. विदेशात नाव कमावलेले विद्वान. ते दीड तास बोलले. शेवटी सभागृहाकडे बघून प्रेमानं म्हणाले, "कसं वाटलं, मोकळेपणी सांगा."

सगळ्यात आधी श्रीपत मास्तर उठला.

"मला झोप आली," तो म्हणाला. "दोनदा. दुसऱ्यांदा जास्त चांगली आली."

पाहुणे चहा न घेताच गेले. घैसासबाईंनी मास्तरला व्हरांड्यात गाठलं.

"अहो, असं धाडकन बोलतात का? विद्वान माणूस हातचं राखून बोलतो. 'असं असावं.' 'तसं वाटतं.' 'शक्यता नाकारता येत नाही.' 'काही प्रमाणात.' मुलांना रोज हेच शिकवता ना तुम्ही? मग स्वतः कधी शिकणार?"

"आलं लक्षात."

त्या संध्याकाळी तात्याबा रस्त्याकडे पाठ करून हॉटेलासमोर उभा होता. पोस्टमनचा राग एव्हाना ओसरला होता. मास्तर दिसताच तो म्हणाला, "मास्तर, खरं सांगा. लगीन करायचं हाय का न्हाई?"

"करायचं असावं," मास्तर म्हणाला.

"असावं?"

"काही प्रमाणात."

तात्याबाच्या मिशा थरथरल्या. तेवढ्यात त्याच्या मागून सरदार येताना मास्तरला दिसला. शिंगं खाली, शेपूट वर.

"तात्याबा," मास्तर शांतपणे म्हणाला, "तुमच्या मागून बैल येत असावा, असं वाटतं."

"कंच्या बैलाचं बोलताय?"

"तो सरदार असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मात्र याबाबत आणखी अभ्यास होणं..."

अभ्यास तिथंच पुरा झाला. तात्याबा उडाला तो थेट शेजारच्या कडब्याच्या गंजीवर. नशीब थोर म्हणून हाड मोडलं नाही. गंजीवरूनच तो ओरडला, "आरं येड्या! मागनं कोन यायला लागलं तर बोंब ठोकायची! हात हालवून, जोरात, येकच सबूद, पळा! दुसरं काय बी बोलायचं न्हाई!"

"आलं लक्षात," मास्तर खालून म्हणाला.

मग परीक्षा आली. वार्षिक परीक्षा, तीन तासांची. अकरा देशांची एकतीस मुलं मान खाली घालून लिहीत होती. श्रीपत मास्तर फळ्यापाशी उभा राहून लक्ष ठेवत होता. पंख्याच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. अशात मागचं दार हळूच उघडलं आणि मुलांच्या पाठीमागून घैसासबाई आत आल्या.

मास्तरनं पाहिलं. मागून कुणीतरी येत होतं.

"पळा!" तो ओरडला. दोन्ही हात हलवून, जोरात.

एकतीस मुलांना मराठीतला हा एक शब्द पक्का येत होता. कुणी दारातून गेलं, कुणी खिडकीतून. टेस्फाये तर बाक घेऊनच पळाला. तो गुडघ्यात अडकला होता, सोडवायला वेळ कुठला? अर्ध्या तासानं मुलं एसटी स्टँडवर सापडली. व्हिएतनामची लिन तिथं उभ्याउभ्या शेवटचा परिच्छेद लिहीत होती. फार अभ्यासू मुलगी.

घैसासबाई खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "श्रीपतराव, पुढच्या सोमवारी तुमची मुलाखत आहे. तुम्ही कायम व्हावं असं मला मनापासून वाटतं. का वाटतं, ते मलाही कळत नाही. मुलांचा जीव आहे तुमच्यावर. फक्त माझं एक ऐका. काहीही करायच्या आधी दोन्ही बाजू बघा. आपली बाजू बघा आणि विरुद्ध बाजूही तितक्याच ताकदीनं मांडा. पुरावे तोला. मग जो निष्कर्ष निघेल तो धरून ठेवा, काही झालं तरी सोडू नका. कळलं?"

"आलं लक्षात," मास्तर म्हणाला.

सोमवार उजाडला. इंदूनं सकाळीच पेढे आणून ठेवले. तात्याबानं पंचांग काढून ठेवलं. टेस्फाये, लिन आणि बाकीची मुलं मास्तरला सोडायला टेकडीवर गेली आणि मग खाली येऊन हॉटेलात वाट बघत बसली.

मुलाखतीला तीन साहेब आणि घैसासबाई होत्या. मधल्या साहेबांनी विचारलं, "तुम्हाला कायम का करावं?"

मास्तर उभा राहिला. त्यानं घसा साफ केला.

"ह्या प्रश्नाला दोन बाजू आहेत," तो म्हणाला. "पहिली बाजू अशी, की मला इंग्रजी येतं आणि मुलं माझ्याकडे आनंदानं शिकतात. ही बाजू इथं संपली. आता दुसरी बाजू."

दुसरी बाजू पाऊण तास चालली.

त्यानं काही म्हणून लपवलं नाही. नक्कल केलेल्या निबंधाला "सुंदर" म्हटल्याचं सांगितलं. घैसासबाई, यंदाचं साल, विभागाची खोली. पाहुण्यांच्या भाषणात झोप आल्याचं सांगितलं, पहिली झोप किती वेळ आणि दुसरी किती वेळ तेही सांगितलं. परीक्षेच्या दिवशी कोण कुठल्या खिडकीतून गेलं याचा तक्ता फळ्यावर काढला. "हा माणूस येडा आहे," हे मत त्यानं नावासकट दिलं. तात्याबा, यंदाचं साल, कडब्याच्या गंजीवरून, तोंडी.

घैसासबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"यावरून," मास्तरनं शेवट केला, "ह्या माणसाला कायम करू नये, हा निष्कर्ष निघतो. धन्यवाद."

साहेब लोक एकमेकांकडे बघत राहिले. मग मधल्या साहेबांनी टेबलावर थाप मारली.

"वा! अहो, तीस वर्षं मुलाखती घेतोय. जो तो येतो आणि स्वतःची टिमकी वाजवतो. असा प्रामाणिक माणूस बघितला नाही! आणि मांडणी काय, पुरावे काय! मुलांना हेच शिकवायला तर माणूस हवाय आम्हाला. बाई, ह्यांना कायम करा. आणा तो कागद."

घैसासबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कागद पुढे केला, पेनाचं टोपणही काढून दिलं.

"इथं सही करा, श्रीपतराव."

"नाही करता येणार, बाई."

"का?"

"निष्कर्ष उलट निघालाय."

"अहो, तो निष्कर्ष राहू द्या! सही करा!"

मास्तर हसला. बाई आपली परीक्षा बघताहेत हे त्यानं ओळखलं. "सोडणार नाही, बाई," तो म्हणाला. "काही झालं तरी सोडू नका, असं तुम्हीच सांगितलंय." सगळ्यांना नमस्कार करून तो टेकडी उतरू लागला.

हॉटेलात सगळे उभे राहिले. इंदू भजी तळत होती, ती झारा हातात घेऊनच पुढे आली.

"झाली का वो कायम?"

"होत होती," मास्तर म्हणाला. "कागद पुढे आला होता, पेनसुद्धा दिलं होतं. पण इंदू, मी विरुद्ध बाजू इतकी नीट मांडली, इतकी नीट मांडली, की मलाच पटली. मग सही कशी करणार?"

मग त्यानं मुलांना सगळे मुद्दे थोडक्यात सांगितले. मुलं त्याच्याच हाताखाली शिकलेली. लिननं मान डोलावली आणि म्हणाली, "मांडणी छान आहे, सर." टेस्फाये म्हणाला, "पुरावेही भक्कम आहेत."

तात्याबानं पंचांग मिटलं.

"आनि लगीन?" इंदूनं विचारलं. तिचा आवाज फार बारीक झाला होता.

मास्तर खुर्ची ओढून बसला. "हं. त्यालाही दोन बाजू आहेत. पहिली बाजू अशी..."

इंदूनं झारा वर उचलला. गरम तेलाचे थेंब टपटप गळत होते. ती त्याच्या मागच्या अंगाला आली. मास्तरनं मान वळवून पाहिलं. मागून कुणीतरी येत होतं. आता मात्र त्याला सगळं बरोबर आठवलं. तो ताडकन उभा राहिला, दोन्ही हात हलवले आणि जोरात ओरडला, "पळा!"

तात्याबा पळाला. एकतीस मुलं पळाली. टपालाची पिशवी टाकून गेनू पोस्टमन पळाला. रस्त्यावरचा सरदार बैलसुद्धा शेपूट वर करून पळाला.

मास्तर मात्र जागचा हलला नाही. ओरडायचं कसं ते त्याला सांगितलं होतं. पळायचं कुणी सांगितलं नव्हतं.

झारा किती वेळा बसला याबद्दल गावात दोन मतं आहेत. मास्तरनं दोन्ही लिहून ठेवली आहेत, नाव आणि सालासकट.