तुळसाचा डोह

आंबेवाकीच्या बायका हरतालिकेच्या पिंडीसाठी वाळू आणायला पार वरच्या वळणापर्यंत जातात. समोरच्या या डोहाच्या काठी हवी तेवढी मऊ वाळू आहे, पण तिला कोणी हात लावत नाही. याला तुळसाचा डोह म्हणतात. तुळसा देवी नव्हती, नावाड्याची पोर होती. तिला देवी करून गावाने हात झटकले नाहीत, एवढं एक बरं केलं.

गोष्ट फार जुनी. इथल्या पाटलाने आपली लेक राही एका म्हाताऱ्या देसायाला द्यायचं ठरवलं. त्याच्या दोन बायका आधीच खपलेल्या. राहीने रडून घर डोक्यावर घेतलं, पण ऐकतो कोण? तेव्हा हरतालिकेच्या पहाटे तिची जिवाभावाची मैत्रीण तुळसा हिने बापाची होडी सोडली आणि पुरातून तिला पलीकडच्या रानात नेलं, असं सांगतात. नको असलेल्या लग्नातून पार्वतीलाही तिच्या सखीने असंच पळवलं होतं. या व्रताची कथाच ती. दरवर्षी ऐकून ऐकून पोरींना ती खरी वाटली असणार. लपायची जागा तुळसाने फक्त आईला, भिवराला, सांगितली होती.

दुपारी पाटील माणसं घेऊन नावाड्याच्या दारात आला. भिवराचा नवरा लखू, त्याला खांबाला बांधलं. ज्याच्या आयुष्यासाठी ती सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता बसली होती, त्याच्याच गळ्यावर कोयता ठेवला. भिवराने तोंड उघडलं नाही. कोयता जरा रुतला, रक्त आलं.

"जागा सांग," पाटील म्हणाला. "पोरीच्या केसाला धक्का लावनार न्हाई. वाघजाईची आण."

भिवराला ऐकू आलं, पोरींच्या. आईचे कान ते. तिने सगळं सांगून टाकलं.

पाटलाने आण मोडली नाही म्हणे. राहीला मेण्यात घालून घरी आणलं. तुळसाला हातपाय बांधून याच डोहात सोडलं, आणि होडी वल्हवायला लखूलाच लावलं. भिवरा काठावर ऊर बडवत होती. "पोरींच्या म्हनला व्हता तुमी!"

"पोरीच्या म्हनालो," पाटील म्हणाला. "मला पोर एकच हाय."

लखू वाचला, म्हातारा होऊन मेला. गावातल्या शहाण्या बायका म्हणत, भिवराचं व्रत फळलं. तो मरेपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलला नाही, हे मात्र त्या सांगत नसत. राहीही देसायाकडे फार दिवस टिकली नाही.

पुढच्या हरतालिकेला भिवरा पाटलाच्या ओसरीवर कथेला येऊन बसली. कथेत लेक नाहीशी झाल्यावर हिमालय रानोमाळ विचारत फिरतो, माझी मुलगी कुठे गेली? तिथे भिवरा मोठ्याने बोलली, "ठावं न्हाई." वर्षभर उशिरा आलेलं उत्तर ते. कोणी हसलं नाही. शेजारची तेच म्हणाली, मग तिच्या शेजारची, आणि शेवटी पाटलीणबाईच्या तोंडूनही ते निघालं.

आजही कथा त्या प्रश्नाशी आली की वाचणारा थांबतो आणि साऱ्या बायका एका आवाजात म्हणतात, ठावं न्हाई. पहिल्यांदा उपास धरणाऱ्या पोरीला इथल्या आया पूजा मागाहून शिकवतात. आधी हे उत्तर शिकवतात, तिच्या बापाच्या देखत.