घाटावरची भिंत

फार फार जुनी गोष्ट आहे, लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही. एका नदीकाठी एक राजधानी होती. दिवसभराची कामं आटोपली की सारं शहर घाटावर यायचं. कोष्टी पाण्यात पाय सोडून बसायचे, बाया गप्पा मारायच्या, म्हातारे सोंगट्यांचा डाव मांडायचे.

राज्याच्या प्रधानाला हे खुपायचं. "रंगाने बरबटलेल्या हातांची माणसं इथं पसरतात, मग सरदारांनी कुठं बसायचं?" असं म्हणत त्याने राजाकडून हुकूम मिळवला, घाटाला भिंत घातली आणि दारावर पहारेकरी बसवले. आत फक्त दरबारी माणसं.

प्रधानाचे म्हातारे वडील रोज येसाजी रंगाऱ्याबरोबर सोंगट्या खेळत. पहारेकऱ्याने येसाजीला अडवलं, तेव्हा वडीलही आत गेले नाहीत. दोघं भिंतीबाहेर, रस्त्याच्या धुळीत खेळू लागले.

"बाबा, तुम्हाला कोणी अडवलंय?" प्रधानाने विचारलं.

"माझ्या सोबत्याला अडवलंस, म्हणजे मलाच अडवलंस," वडील म्हणाले.

पुढे येसाजी अंथरुणाला खिळला. "एकदा नदी पाहू द्या," एवढंच तो म्हणत होता. लेकींनी त्याला बाजेवर घालून घाटाच्या दाराशी आणलं. पहारेकऱ्यांनी बाज आत नेऊ दिली नाही. भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज येत होता. तो ऐकत येसाजीने तिथंच प्राण सोडला. त्या संध्याकाळी आत एकही सरदार आलेला नव्हता.

हे कळताच प्रधानाचे वडील तसेच दरबारात गेले. मुलाकडे बोट दाखवून राजाला म्हणाले, "महाराज, ही नदी याने खणली नाही, याच्या बापानेही खणली नाही. तो बाप मी आहे. राबणाऱ्याला घटकाभर टेकायची जागा होती, तीही याने हिरावली. मरणाऱ्या माणसाला पाणी पाहू दिलं नाही. आणि हे कोणासाठी? रिकाम्या पायऱ्यांसाठी."

राजा शरमला, कारण हुकमावर शिक्का त्याचाच होता. त्याने प्रधानाचं पद काढून घेतलं आणि भिंत त्यालाच पाडायला लावली. महिनाभर तो उन्हात दगड उपसत होता.

घाट पुन्हा गजबजला. वडीलही येऊन बसू लागले; पण मुलाशी ते मरेपर्यंत बोलले नाहीत.

बोध एवढाच: नदीचा काठ सगळ्यांचा असतो, आणि कष्टकऱ्याचा विसावा हिरावणाऱ्याला त्याची स्वतःची माणसंसुद्धा परकी होतात.