शेवटचा शब्द

“आणि शेवटचा शब्द?” सरांनी विचारलं.

“सगळे आलेत, सर.” निनादने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “घोडं गंगेत न्हालं. ऑक भाषेतला प्रोग्राम, फक्त एका ओळीचा.”

सरांनी वाकून पडद्याच्या तळाशी पाहिलं.

निनाद पेडणेकर एके काळी केळुसकर सरांचा विद्यार्थी होता. संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायला सरांनीच शिकवलं होतं. आता तो पुण्यात दहा जणांना शिकवत होता, आणि सरांनी एकदा तरी ‘शाब्बास’ म्हणावं एवढ्यासाठी वेंगुर्ल्यापर्यंत आला होता.

काम साधं होतं. सरांच्या पत्नीने, सुलभाकाकूंनी, दर्यावरच्या लोकांचे शब्द वर्षानुवर्षं गोळा केले होते. फाईलमध्ये शब्द एका ओळीवर आणि त्याचा अर्थ खाली, थोडा आत सरकवून, दोन-तीन ओळींत. छापखान्याला एक शब्द, एक ओळ असं हवं होतं, तेही आज संध्याकाळपर्यंत. काकू भाद्रपदात गेल्या. पुस्तक तेवढं राहिलं होतं.

“कसं जोडलंस?”

“आत सरकलेली ओळ आली की ती हातातल्या शब्दाला जोडायची. नवा शब्द आला की हातातलं छापायचं आणि नवा हातात घ्यायचा.”

“पाहिलंस?”

“वरचे पाहिले, मधले पाहिले. चोख आहेत.”

“हत्ती गेला,” सर म्हणाले आणि उठून आत गेले.

स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने सर चहाचा एकच ग्लास घेऊन पडवीत आले.

“धर. पुढचा ग्लास आला की हा खाली ठेव.”

निनादने स्टीलचा ग्लास कडांना धरला. सर खुर्चीत बसून माडांकडे बघू लागले.

...

“सर, भाजतंय.”

“भाजणारच. आत्ताच उतरवलाय.”

निनादने हात बदलला. पुन्हा बदलला. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज नाही, पावलांचा नाही.

“आत कोण आहे, सर?”

“कोणी नाही.”

“मग पुढचा ग्लास आणणार कोण?”

सरांनी नुसतं लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं.

निनादनेही पाहिलं. मग त्याने ग्लास कठड्यावर ठेवला, पोळलेली बोटं शर्टाला पुसली आणि नव्या फाईलच्या तळाशी गेला. शेवटचा शब्द तिथे नव्हता. तो प्रोग्रामच्या हातातच राहिला होता, पुढच्या शब्दाची वाट बघत.

त्याने आज्ञेच्या शेवटी थोडंसं लिहिलं: फाईल संपली की हातात उरलेलं छाप.

तळाशी एक ओळ आली.

*सुकती: ओहोटी. पाणी मागं जातं ती वेळ. होडी आधीच वर ओढून घ्यावी.*

“वाच,” सर म्हणाले.

निनादने वाचलं.

“आणखी एकदा.”

त्याने पुन्हा वाचलं, या वेळी हळू. सरांचे डोळे मिटलेले होते.

“हा काकूंनी कधी लिहिला?”

“दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. मला हाक मारून दाखवला होता. मी म्हटलं, मग बघतो.”

...

निनादला शाब्बासकीची आठवणही राहिली नव्हती. तरी गप्प बसवेना.

“त्याचं काय आहे, सर, संपलं म्हणून हातातलं खाली ठेवायचं, हे प्रोग्रामला आपोआप सुचत नाही. वेगळं सांगावं लागतं.”

“हं.”

सर उठले. आत गेले. या वेळी स्टोव्हचा आवाज आला नाही. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात दुसरा ग्लास होता, काठोकाठ भरलेला. त्यांनी तो कठड्यावर, पहिल्या ग्लासाच्या शेजारी ठेवला.

निनाद त्या दोन ग्लासांकडे बघत राहिला.

“एकटा असलो तरी आधण मी अजून दोघांचंच ठेवतो,” सर म्हणाले.