रुईचे लग्न

“आई, ऊठ तिथून. कुऱ्हाड धरून हात भरून आला माझा.”

“मग खाली ठेव.”

पूर्वी प्रतिष्ठान नगरात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व भद्रा नावाची म्हातारी होऊन जन्मला होता. बाई होऊन कशाला, असे विचारणाऱ्याने पुढचे ऐकावे. तिचा मुलगा वसुमित्र व्यापारी. त्याच्या दोन बायका वारलेल्या. तिसरीचा बाप अडून बसला की आधी रुईशी लग्न लाव, मग ती तोड, म्हणजे माझ्या मुलीचे मरण झुडपावर जाईल. परसातल्या रुईशी सकाळी लग्न लागले. आता कुऱ्हाडीची वेळ, आणि म्हातारी रुईला पाठ लावून बसलेली.

ही रुई दुसऱ्या सुनेने, उत्पलेने, माहेराहून बी आणून लावली होती. थंडी लागली की डोंगरापलीकडून नारिंगी फुलपाखरे येत. रुईवाचून त्यांचे सुरवंट जगत नाहीत, आणि शिवारातली रुई तर नांगराखाली गेलेली. “सासूबाई, आमच्या घरावरून उडत आली ही,” म्हणत उत्पला अंगणातच घुटमळायची. ती गेल्यावर दर थंडीत म्हातारी तिच्या जागी उभी राहून डोंगराकडे डोळे लावी.

“किड्यांपायी माझं लग्न मोडतेस?” वसुमित्र ओरडला. “सासरा मांडवात खोळंबलाय.”

“किडे नव्हेत. उत्पलेचे पाहुणे आहेत.”

“उत्पला गेली, आई!”

“मला सांगतोस? तुझं सुतक फिटलं, माझं अजून फिटायचंय.”

यावर ती आणखी एकच वाक्य बोलली, आणि वसुमित्राच्या हातून कुऱ्हाड गळाली. मांडवातल्या सासऱ्यानेही रुई तोडण्याची अट सोडली. लग्न लागले. पुढे रुईच्या शेंगा फुटल्या तेव्हा नव्या नवरीने उडत्या म्हाताऱ्या पदरात धरून त्यांचे बी बांधाबांधावर पेरले.

विहारात ही गोष्ट सांगणारा शास्ता, पूर्वीचा तो बोधिसत्त्व, म्हणाला, “तो वसुमित्र म्हणजे विहाराच्या दारातली रुई आज खणायला निघालेला हा भिक्षू. नवरी म्हणजे त्याला अडवणारी ही माळीण. भद्रा मीच होतो.”

“आणि उत्पला?” माळणीने विचारले.

शास्त्याने डोंगराकडे डोळे लावले. मग तो म्हणाला, “अशा मायेलाच मैत्री म्हणतात,” आणि त्याने भद्रेचे ते वाक्य सांगितले:

“सकाळी अक्षता टाकून घेतल्यास ना हिच्याबरोबर, मग ही माझी तिसरी सून झाली, आणि दोघी डोळ्यांदेखत गेल्या तरी हिला मी जाऊ देणार नाही.”