धरणाऱ्याचा हात

"पण बुवा, खाली धरणाऱ्यानं तोंड उघडायचं का नाही?"

त्र्यंबकने सकाळपासून हाच धोशा लावला होता. रंगनाथबुवा फडकं पिळत राहिले.

उत्सव तोंडावर आला होता. मठाच्या सभामंडपातल्या काचेच्या हंड्या पुसायच्या होत्या, आणि त्यासाठी घडीची उंच लाकडी शिडी मांडली होती. फरशी जुनी, मधेच खचलेली. शिडीचा एक पाय कायम अधांतरी राहायचा. म्हणून एकाने चढायचं, एकाने खालून धरायचं. चढणाऱ्याने मधेच विचारायचं, "आहेस का?" इथवर सगळं शहाणपणाचं. पण धरणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, चढणाऱ्याने वाकून त्याचा हात बघायचा, ही मठाची रीत काही केल्या त्र्यंबकच्या गळी उतरेना.

गडी मल्लखांबावर वाढलेला. स्वतःच्या पायांवर त्याचा भारी विश्वास, आणि तो त्याने कधी लपवून ठेवला नाही.

"एक 'आहे' म्हटलं की झालं. दर वेळी वाकून काय बघायचं? वाकतानाच तोल जायचा."

"हं..." बुवा म्हणाले. "पाणी घाण झालं. मी येईपर्यंत चढू नकोस."

ते बादली घेऊन विहिरीकडे गेले.

थांबला तर तो त्र्यंबक कसला? शिडी जरा हलवून पाहिली, आणि स्वारी चढली.

दुपारची वेळ. मंडपात चिटपाखरू नव्हतं. जवळची हंडी पुसून झाली. पुढच्या हंडीसाठी त्याने वरच्या पायरीवर पाऊल ठेवलं, तशी शिडी डगमगली... आणि एकदम स्थिर झाली. खालून कुणीतरी धरल्यासारखी.

बुवा आले असणार.

"आहात का?" त्याने विचारलं.

"आहे."

त्र्यंबकला मनातून गुदगुल्या झाल्या. बुवांनी शेवटी रीत मोडली होती, तीही त्याच्यासाठी. आता खाली बघायचं कारणच उरलं नाही. तो अगदी वरच्या फळीवर उभा राहिला. खरं तर उतरून शिडी पुढे सरकवायला हवी होती. त्याने तिथूनच हात लांब केला.

"आहात ना?"

"आहे. अजून थोडा झुक."

तो झुकला. बोटं काचेला लागली. काचेत मंडपाचं दार दिसत होतं, आणि दारातून भरली बादली घेऊन आत येणारे बुवा.

त्र्यंबकने झटकन हात मागे घेतला. खाली कसा उतरला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. शिडीपाशी कुणी नव्हतं. तिचा एक पाय तसाच अधांतरी होता.

"बुवा, इथं... कुणीतरी बोललं."

बुवा रागावले नाहीत. त्यांनी बादली ठेवली, धोतर खोचलं, आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

"धर."

"आज राहू द्या, बुवा. पाया पडतो."

"धर म्हटलं ना."

त्र्यंबकने दोन्ही हातांनी शिडी धरली. सत्तरीचा म्हातारा वर चढत होता आणि त्याचा जीव या दोन हातांत होता. एवढी भीती त्र्यंबकला मल्लखांबाच्या टोकावर उलटं लटकतानाही कधी वाटली नव्हती.

वरून बुवांनी विचारलं, "आहेस का?"

त्र्यंबकने ओठ घट्ट मिटून घेतले.

"आहे," त्याच्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं.

आवाज हुबेहूब त्र्यंबकचा होता.

त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. शिडी सोडून पळत सुटावं, निदान मागे वळून बघावं... त्याची बोटं सैल पडली.

बुवा वाकले. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. तोल सांभाळत ते तसेच बघत राहिले. हळूहळू त्र्यंबकची बोटं पुन्हा शिडीवर आवळली गेली. त्याच्या मानेवर कुणाचा तरी गार श्वास लागत होता.

"मागं बघू नकोस," बुवा म्हणाले. "माझी अजून एक हंडी राहिलीय."