न मावळणाऱ्या सूर्याखालची चूल

चूक उदयभान राजाची होती, हे आधीच ऐकून ठेवा. आणि दरबारातल्या म्हाताऱ्यांची, ज्यांनी नुसत्या माना डोलावल्या.

एकेकाळी हा राजा अगदी लहान राज्याचा धनी. मग त्याची जहाजं वाढली, बंदरं वाढली. उत्तरेचा बर्फ जुन्या राजांनी कधीच वाटून घेतलेला. उदयभान म्हणाला, "आता आपलाही वाटा." बर्फाखाली रत्नं होती म्हणे.

राजाच्या घराण्याची रीत अशी, बरं का. नव्या जमिनीवर सकाळी राजाची चूल पेटवायची. सूर्य मावळेपर्यंत ती विझली नाही, की जमीन राजाची.

पहिल्यांदा सेनापती गेला. लाकडं संपली, सूर्य मावळेना. मग प्रधान गेला, जहाजभर लाकडं घेऊन. चूल बर्फात रुतली आणि चर्र करून विझली. म्हातारे म्हणाले, "घराण्यातलं माणूस चुलीपाशी नव्हतं, म्हणून."

मग राजा स्वतः निघाला. लेकीला, चित्रावतीला, त्यानं चुलीपाशी बसवलं.

ती लाकडं घालत राहिली. सूर्य खाली आला, टेकला नाही, पुन्हा वर चढला. तिचे डोळे चुरचुरत होते. ती म्हणाली, "बाबा, हा मावळतच नाही इथं."

"वाडवडिलांची रीत आहे. मावळेल."

तिथलीच एक आजी कातड्याची होडी ओढत आली. "थंडी पडेपर्यंत नाही बुडायचा तो, पोरी. आणि आम्ही विस्तव बर्फावर ठेवत नाही. दगडाच्या वाटीत घालून टांगतो."

"तुला कुणी विचारलं, म्हातारे?" राजा म्हणाला. "चित्रा, लाकडं घाल."

मग पायाखाली कडकड वाजलं. बर्फ दुभंगला. चूल एका तुकड्यावर, चित्रा दुसऱ्यावर, आणि सगळीकडे काळं पाणी. राजा आणि सैनिक अलीकडच्या बर्फावर, आणि सैनिकांकडे दोर एकच. राजा म्हणाला, "आधी चूल धरा."

चित्रानं ते ऐकलं.

सैनिकांनी चूल ओढली. ती वाटेतच विझली. तोवर आजीनं होडी पाण्यात लोटली आणि पोरीला उचलून घेतलं.

"परत ये, चित्रा," राजा हाका मारत राहिला.

"चूल सांभाळा, बाबा," ती म्हणाली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

मग ती आजीपाशीच राहिली. वाटी टांगायला शिकली, होडी हाकायला शिकली, सुखात नांदली. पांघरूण ओढून घ्या आता, डोळे मिटा.

उदयभानाला बर्फ मिळाला नाही. त्याची एकुलती एक लेक गेली.