टिळ्याचा मान

घनदाट अरण्याच्या वेशीवर राष्ट्रीय उद्यानाची पाटी नुकतीच लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. धनेश पक्ष्याची बायको एका जुन्या झाडाच्या ढोलीत अंड्यांवर बसली होती. धनेशांच्या रिवाजाप्रमाणे ढोलीचं दार चिखलाने लिंपलेलं होतं आणि चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवलेली होती.

त्या फटीतून तिला उंबर भरवताना धनेश फुशारून म्हणाला, "ऐकलंस का? सकाळी माणसं आली होती. एवढ्या जंगलात आपल्याच झाडाला लाल टिळा लावून गेली. केवढा हा मान!"

"अहो, पलीकडच्या सागवानालाही लावला होता ना? त्याचं काय झालं?"

"त्याची तर मिरवणूक निघाली! आडवं निजवून ट्रकमधून नेलं."

"परत आलं का?"

धनेशाच्या चोचीतलं उंबर खाली पडलं.

"आता मान मिरवत बसता, की चिखल आणता?"

धनेशाने दिवसभर चिखल वाहून टिळा लिंपून टाकला. दुसऱ्या दिवशी लाकूडचोर करवत घेऊन खुणेचं झाड शोधत भटकले आणि एकमेकांवर खेकसत निघून गेले.

संध्याकाळी शेजारचा धनेश मान ताठ करून आला. "आमच्याही झाडाला टिळा लागला बरं का!"

धनेशाने त्याच्या चोचीत चिखलाचा गोळा ठेवला.